पेशकारअप्पांचा रंजका

भालकीत मी साडेचार वर्षं शिकवलं आणि त्यातले पहिले दोन महिने दोन्ही वेळच्या जेवणाला रडले. शेजारपाजारच्या बायकांचा समज असा झाला, की पोरीला घरची आठवण येते. बिचाऱ्या मला धीर द्यायला यायच्या. "नका रडू बाई, म्हायेर कुनाला सुटलं न्हाई?" म्हणायच्या. मी पदराने नाक पुसत मान हलवायचे. खरं कारण सांगायची सोयच नव्हती, कारण ते कारण माझ्या समोरच्या पाटावर बसून मिटक्या मारत असायचं.

ते कारण म्हणजे माझे घरमालक. निजामाच्या राज्यात ते तहसील कचेरीत पेशकार होते. म्हणजे तहसीलदारापुढे कागद वाचून दाखवायचे आणि तहसीलदार सांगेल तो हुकूम लिहून घ्यायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, अप्पा पेन्शनीत निघाले, पण गावाने त्यांची पेशकारी काढून घेतली नाही. लहानथोर सगळे त्यांना पेशकारअप्पाच म्हणत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात कोणे एके काळी काळी असलेली शेरवानी, पायात करकरणाऱ्या वहाणा. देवाशी ते कानडीत बोलत, माझ्याशी आणि भाजीवालीशी मराठीत, आणि कायद्याची गोष्ट निघाली की उर्दूत. कायद्याची गोष्ट दिवसातून चार-पाच वेळा तरी निघायचीच. मांजराने दूध सांडलं तरी ते आधी मांजराचं म्हणणं ऐकून घेत.

मी औरंगाबादची. नुकती ट्रेनिंग होऊन बाहेर पडलेली, बाविशीची, आमटीत गुळाचा खडा घालणाऱ्या घरातली. भालकीला मुलींची शाळा मंजूर झाली होती, पण अट अशी की शिकवायला बाई हवी. बाप्या मास्तरापुढे आपली पोरगी बसवायला गावातला एकही बाप तयार नव्हता. त्या एका बाईसाठी अप्पांनी दोन वर्षं अर्जांमागून अर्ज केले. त्या अर्जांचं उत्तर म्हणजे मी. मला उतरवून घ्यायला ते बैलगाडी घेऊन स्टेशनवर आले होते आणि गाडीत बसण्याआधीच म्हणाले, "बाई, एक गोष्ट ध्यानात ठिवा. तुमी ऱ्हायलात तर शाळा ऱ्हाईल. तुमी गेलात तर ह्या पोरी परत शेनाच्या गवऱ्या थापायला बसतील." मग त्यांनी माझी ट्रंक स्वतः उचलली, कारण ती गाडीवानाने उचललेली त्यांना सुरक्षित वाटेना.

घरात अप्पा आणि अक्का, दोघंच. मूलबाळ नव्हतं. अक्का म्हणजे त्यांची बायको, बुटकी, गोरी, बोलायला मोजकी. पहिल्या संध्याकाळी अक्कांनी वांग्याचं कोरड्यास केलं होतं. त्या भागात रस्साभाजीला कोरड्यास म्हणतात. नावाखेरीज त्यात कोरडं काही नसतं. अक्कांनी भांडं चुलीवरून उतरवलं तसे अप्पा पाटावरून उठले, फळीवरची चिनी मातीची बरणी काढली, तोंडावरच्या फडक्याचा दादरा सोडला आणि लालभडक काहीतरी दोन पळ्या भरून भांड्यात ओतलं. ढवळलं. झाकण ठेवलं. आणि निकाल दिल्यासारखे म्हणाले, "हां. आता वाढा."

तो रंजका. ओल्या लाल मिरच्या कुटून त्यात मीठ, लिंबाचा रस, लसूण, मेथी आणि हिंग घालून मुरवलेलं लोणचं. लोक ते ताटात बोटभर घेतात आणि भाकरीचा तुकडा त्याला जरासा लावून खातात. अप्पांना ते मान्य नव्हतं. ते म्हणत, "लोनचं ताटाच्या कडंला घेनं म्हंजे पाव्हन्याला वसरीत बसवून पानी पाजून परत धाडनं. आलाय तर घरात घ्यावं त्याला." म्हणून वरण असो, पिठलं असो, शेवग्याच्या शेंगा असोत, नाहीतर मटकीची उसळ, भांडं चुलीवरून उतरलं की दोन पळ्या त्यात पडायच्याच. त्यांचं दुसरं एक वचन होतं: "गवाह कच्चा अन् भाजी फिकी, तर मुकदमा गेलाच म्हनून समजा."

मी पहिला घास घेतला. दुसरा घेतला की नाही ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की अप्पा समोरून कौतुकाने बघत होते आणि विचारत होते, "कसं झालंय?" मी म्हटलं, "छान." हे खोटं मी पुढे दोन महिने दिवसातून दोनदा बोलले. शाळेत मुलींना खरं बोलण्याचा धडा शिकवायचे आणि घरी येऊन "छान" म्हणायचे.

मग मी एक युक्ती काढली. अप्पा भाकरी कुस्करायला खाली बघत, तेवढ्यात वांग्याची फोड पाण्याच्या तांब्यात बुचकळून काढायची आणि तोंडात टाकायची. धुतलेल्या फोडीला कसलीच चव नसायची, पण ते पाण्यामुळे असेल असं मला वाटायचं. तरी पोट बिघडलं ते बिघडलंच. हकीमसाहेबांकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली नाही, जीभ पाहिली नाही. फक्त विचारलं, "पेशकारसाबके घर उतरे ना आप?" आणि इसबगोलाची पुडी पुढे केली. पुडी आधीच बांधून ठेवलेली होती.

रंजका घालण्याचा दिवस माघात यायचा. त्या दिवशी गल्ली रिकामी व्हायची. ज्यांना पाहुणे म्हणून जायला गाव होतं ते गावाला जायचे, ज्यांना नव्हतं ते देवळात जाऊन बसायचे. अप्पा शेरवानी काढून, नाकाला ओला पंचा बांधून, अंगणात उखळासमोर उभे राहायचे आणि दिवस मावळेपर्यंत कुटायचे. अक्कांनी हात लावायचा नाही. मीठ तेच टाकणार, लिंबू तेच पिळणार. मग बरण्या भरून प्रत्येकीवर उर्दूत चिठ्ठी: फसली म्हणजे महसुली साल, मिरची कुठली, कुटणाऱ्याचं नाव. कुटणाऱ्याचं नाव सगळ्या बरण्यांवर एकच असायचं, तरी ते लिहायचेच. "रेकार्ड हाय बाई," म्हणायचे, "उद्या कुनी इचारलं तर?" कोण विचारणार होतं देव जाणे.

प्रवासातही शेरवानीच्या आतल्या खिशात छोटी बरणी असायची. हुलसूरच्या एका लग्नाची गोष्ट मला अक्कांनी सांगितली. पंगतीत आमटीची बादली घेऊन वाढपी अप्पांपुढे थांबला. अप्पांनी बरणी काढली आणि वाढप्याला काही कळायच्या आत सगळी बादलीत उपडी केली. वाढपी पुढे गेला तो नेमका वरपक्षाकडे. वरपक्षाची मंडळी सकाळपासून मानपानावरून रुसायच्या बेतात होती. आहेर कमी, फेटे हलके, असं सगळं तोंडावर आलं होतं. पहिल्या घासानंतर कुणाला बोलताच आलं नाही आणि लग्न निर्विघ्न पार पडलं. नवरीचा बाप पुढे कित्येक वर्षं अप्पांचे आभार मानायचा, आणि अप्पा ते रंजक्याच्या वतीने स्वीकारायचे.

एवढं सगळं सोसून मी दोन महिने तिथे टिकले, त्याला कारणही अप्पाच. रोज सकाळी शाळेच्या आधी ते काठी घेऊन गावात निघायचे. एकेका घरापुढे उभं राहून, कचेरीचा चपराशी पुकारतो तसं पुकारायचे, "शांता बिंते काशप्पा, हाजिर हो!" बिंते म्हणजे अमक्याची मुलगी. आतून पोरगी ओरडायची, "हाजिर!" आणि पाटी घेऊन धावत यायची. अशा अठरा-वीस पोरी मागे घेऊन ते शाळेच्या दारात यायचे आणि माझ्या ताब्यात देऊन मान तुकवायचे.

एकदा एका घरातून उत्तरच आलं नाही. बाप बाहेर येऊन म्हणाला, "अप्पा, आज न्हाई जमायचं. गवऱ्या थापायच्या हायेत." अप्पांनी काठी भिंतीला टेकवली, शेरवानीच्या बाह्या वर सारल्या, आणि शेणाच्या पाटीपुढे बसले. "पोरगीला सोडा," म्हणाले, "तिच्या बदली म्या." एक गवरी थापली, दुसरी थापली. रस्त्यावरून जाणारे येणारे थांबले. तहसीलदाराच्या शेजारी बसलेला माणूस भर रस्त्यात गवऱ्या थापतोय म्हटल्यावर बापाला घाम फुटला. त्याने पोरीला दोन्ही दंडांना धरून बाहेर आणलं. अप्पा तरी उठले नाहीत. घेतलेलं काम पुरं करून उठले. अशा माणसाच्या घरचं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणून शाळा सोडून जायचं, याची मला फार लाज वाटायची.

पण पोटाला लाज नसते. दोन महिन्यांनी माझी पोलकी अंगावर लोंबायला लागली. फळ्यापुढे उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेवटी एका रविवारी मी ठरवलं. राजीनामा द्यायचा. आता अडचण अशी की शाळाखात्याचे जिल्ह्याचे मोहतमीमसाहेब जुने, त्यांच्या कचेरीत अजून उर्दू अर्जाला जास्त मान, आणि भालकीत उर्दू अर्ज बिनचूक लिहिणारा माणूस एकच. मी अप्पांकडेच गेले.

ते ओसरीत बसले होते. अर्ज म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, शाळेला बाकं मागायची आहेत. कागद सरळ केला, टाक दौतीत बुडवला.

"मजमून?"

"राजीनामा."

टाकाची शाई कागदावर टपकली. अप्पांनी तो कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला. मग पेशकारी वर आली.

"वजह?"

"प्रकृती बरी नाही."

"प्रकृती ही वजह न्हाई बाई. प्रकृती समद्यांनाच असतीय. तिला काय झालंय ते लिवावं लागतंय."

"पोट दुखतं."

"कदी दुखतंय?"

"जेवल्यावर."

"कुटं जेवल्यावर?"

"अप्पा, मी जेवते कुठं ते तुम्हाला माहीत नाही का?"

"मला म्हाईत असून भागत न्हाई. मिसलीत, कागदावर यायला पायजे. काय खाल्ल्यावर दुखतंय?"

मी खाली बघून म्हटलं, "रंजका."

त्यांनी लिहिलं. सवयीने लिहून गेले आणि सवयीनेच मोठ्याने वाचायला लागले, "दरखास्तगुजार, लडकियों के मदरसे की उस्तानी, बवजह रंजका…" तिथे आवाज थांबला. टाक खाली ठेवला. दारात अक्का उभ्या होत्या. अप्पांनी त्यांना विचारलं, "खरं हाय?"

"आख्ख्या भालकीला म्हाईत हाय," अक्का म्हणाल्या. "हकीमसाबाला म्हाईत हाय. तुमास्नीच तेवढं न्हाई."

अप्पांनी दौतीला झाकण लावलं. इतका खचलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. "म्हंजे दोन वर्सं अर्ज करून म्या शाळा आनली," ते म्हणाले, "अन् रोज दोन पळ्या घालून म्याच ती बुडवायलोय व्हय?" मी म्हटलं, "नाही हो अप्पा." पण होतं ते अगदी तसंच.

मग त्यांनी घसा खाकरून हुकूम दिला. दरखास्त आठ दिवस मुलतवी. बाई या घरात जेवतात तोवर रंजका भांड्यात जाणार नाही. फैसला अक्कांना वाचून दाखवला. अक्का "बरं" म्हणाल्या आणि चुलीपाशी गेल्या. मला वाटलं, सुटले.

त्या संध्याकाळी भोपळ्याची भाजी होती. मी दोन महिन्यांत पहिल्यांदा आनंदाने घास तोंडात घातला. भाजी तिखट नव्हती. आंबटही नव्हती. खारटही नव्हती. खरं म्हणजे ती कशीच नव्हती. नुसता उकडलेला भोपळा. मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "वा! काय झालंय!" आणि घास न चावता गिळला. मी म्हटलं, "छान." अक्का मागून जेवत. दुसऱ्या दिवशी वरण तसंच, तिसऱ्या दिवशी चवळी तशीच. रोज अप्पांचं "वा!", रोज माझं "छान". जिभेची आग थांबली होती, पण भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावी लागत होती आणि भूक होती तशीच होती.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत अप्पा शाळेत आले. मुली अंगणात खेळत होत्या. ते बाकाच्या कडेवर बसले आणि इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "बाई, गुस्ताखी माफ. एक गोष्ट सांगतो, पन कुटं बोलू नका. तिला सैपाक येत न्हाई."

"कुणाला?"

"आमच्या हिला. लगीन होऊन आली, पयला दिस. नवी नवरी सैपाक करनार, समदे जेवायला बसनार. आमचे वडील लई कडक मानूस. म्या आधी गुपचूप चव घेतली, तर भाजीत मीठच न्हाई. पोरगी चौदा वर्सांची. आता हिला बोलनी बसनार. काय करावं? फळीवर रंजका होता. घातला दोन पळ्या. वडील म्हनले, हे काय? म्या म्हनलो, मला असंच आवडतंय. त्यांनी मलाच धा शिव्या घातल्या, पन तिला काय बोलले न्हाईत. तीस वर्सं झाली, तवापास्न घालतोय. भाजी वंगाळ झाली तर लोकं रंजक्याला शिव्या देत्यात, मला येडा म्हनत्यात. तिला कुनी नावं ठिवत न्हाई." मग थांबून म्हणाले, "तिला अजून म्हाईत न्हाई. पन आता बाई, रंजका घातला तर तुमी जानार, अन् न्हाई घातला तर हे असं. शाळा काय वाचत न्हाई."

हे सगळं माझ्या पोटात घेऊन मी घरी आले. अक्का सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मी सुपाला हात लावला आणि शक्य तितक्या नाजूकपणे विचारलं, "अक्का, भाजीत मीठ किती घालता तुम्ही?"

"मीठ?" अक्का हसल्या. "मीठ कामून घालू? घालतच न्हाई म्या."

"कधीपासून?"

"लगीन झाल्यापास्न. पयल्या दिशी बगा, भ्यापायी मीठ घातलं का न्हाई तेच मला आठवंना. चव बगायची न्हाई. आमच्यात आदी देवाला दाखवायचं, मंग तोंडाला लावायचं. दुसऱ्या दिशी म्हनून ध्यान ठिवून मीठ घातलं, तिखट घातलं, चिच घातली, झ्याक केलं. तर हे आले अन् दोन पळ्या रंजका वतला. नुसतं खारट जहर! सासऱ्यानं ताट ढकललं. बोलनी कुनाला बसली? ह्यांच्या माघारी, मला. मंग म्या ठरवलं, ह्यांची जीभच तसली हाय, तर आपन काय घालायचंच न्हाई. मीठ, आंबट, तिखट, समदं त्या लोनच्यात असतंयच की. म्या नुसतं उकडून देते."

"मग आता रंजका बंद झाला, तरी?"

"ते वा वा करायलेत की! मला वाटलं, तुमच्या पोटाला आळनीच लागतंय. अन् खरं सांगू बाई? ते काय बंद करत न्हाईत. म्या मीठ घालायला अन् ते येऊन पळ्या वतायला एकच गाठ पडंल. पुन्यांदा ती बोलनी नको."

तूर निवडायची राहिली. मी त्या सुपाकडे बघत बसले. तीस वर्षं एक माणूस बायकोचा वाईट स्वयंपाक झाकत होता, आणि तीस वर्षं एक बाई नवऱ्याची वाईट जीभ सांभाळत होती. दोघांचाही दुसऱ्याबद्दलचा समज साफ चुकीचा. मी हाडाची मास्तरीण. फळ्यावर चुकलेलं गणित दिसलं की माझा हात आपोआप खडूकडे जातो. कुठं बोलू नका हे अप्पांचं सांगणं एकीकडे आणि हा खडू एकीकडे, अशी माझी ओढाताण झाली. शेवटी मी एवढंच म्हटलं, "अक्का, अप्पांनी मला शब्द दिलाय. ते नाही घालायचे. उद्या तुम्ही माहेरी करायचात तसं करा. सगळं घालून."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी शेवग्याच्या शेंगांचं कोरड्यास केलं. चिंच, भाजलेल्या तिळाचा कूट, बेताचं तिखट, मीठ. वास ओसरीपर्यंत आला. मी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. सासरी येण्याआधी जी मुलगी हे शिकली होती, तिच्या हातात ते सगळं जसंच्या तसं राहिलं होतं.

अप्पांनी घास घेतला आणि त्यांचा हात ताटातच थांबला. पुन्हा एक घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी मिरचीने नव्हे. मग ते माझ्याकडे वाकले आणि कुजबुजले. अप्पांची कुजबूज म्हणजे कचेरीत तीन खोल्या ओलांडून जाणारी. "बाई! तुमी शिकवलं तिला! तीस वर्सांत मला जमलं न्हाई, ते तुमी चार दिसांत केलं!"

स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो बंद पडला. तीस वर्षं झाकलेलं माझ्यापायी उघडं पडलं होतं. आता अक्का बाहेर येणार आणि काय ते होणार. अक्का आल्या. हातात गरम भाकरी होती. ती अप्पांच्या ताटात घातली आणि शांतपणे म्हणाल्या, "व्हय. बाईंनीच शिकवलं."

अप्पांनी उठून हात धुतले, मुलतवी ठेवलेली दरखास्त काढली आणि माझ्यासमोर फाडली.

संध्याकाळी अक्कांनी मला मागच्या अंगणात गाठलं. "तीस वर्सं," त्या म्हणाल्या, "मला सैपाक येत न्हाई म्हनून ते लोनचं घालत व्हते?" मी होय म्हटलं. सगळं सांगितलं; कडक सासरे, पहिला दिवस, दोन पळ्या. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं रडतील. त्यांना हसू फुटलं ते असं की धुण्याच्या दगडावर बसावं लागलं. "अन् म्या त्यांच्या जिभंला नावं ठिवायले! यव्वा! साकु, साकु!" पुरे, पुरे, असं कानडीत म्हणत त्या डोळे पुसत होत्या. मग एकदम गंभीर झाल्या. "त्यांना सांगू नका बाई. माज्यापायी बापाच्या शिव्या खाल्ल्या, गावात येडं म्हनून घेतलं. आता म्हातारपनी, ते समदं फुकट गेलं म्हनून कामून सांगायचं?" ते एक गणित मी फळ्यावर तसंच राहू दिलं.

परिणाम मात्र मला भोगावे लागले. पेशकारअप्पांच्या बायकोला औरंगाबादच्या बाईंनी स्वयंपाक शिकवला, ही बातमी अप्पांनी सगळीकडे पोचवली. लग्नाला आलेल्या पोरींच्या आया माझ्याकडे शेवग्याचं कोरड्यास शिकायला येऊ लागल्या. मला पोहे आणि चहा याखेरीज काही येत नव्हतं. मी त्यांना सांगायचे, "आज नको, आज माझा उपास आहे." भालकीत माझ्याइतके उपास कुणीच केले नसतील.

माझं पोट सुधारलं, शाळा वाढली, वीस मुलींच्या साठ झाल्या. वाईट वाटायचं ते फक्त अप्पांचं. रंजका ते दर माघात घालत, चिठ्ठ्या लावत, पण बरण्या उघडायचं कारण उरलं नव्हतं. जेवताना अक्कांनी भांडं उतरवलं की ते सवयीने अर्धवट उठत आणि परत बसत. ताटाच्या कडेला घेतलेल्या बोटभर रंजक्याकडे ते बघायचे तेव्हा मला अपराध्यासारखं व्हायचं. सरकारने त्यांना एकदा पेन्शनीत काढलं होतं, दुसऱ्यांदा मी काढलं. अक्काही हे पाहत होत्या.

मग छप्पन साल आलं. राज्यांच्या नव्या सीमा ठरल्या. भालकी म्हैसूर राज्यात गेली आणि माझी बदली मुंबई राज्यात, लातूरकडे झाली. माझ्या जागी दोन बाया आल्या होत्या, त्यामुळे शाळेची काळजी नव्हती. निघायच्या दिवशी सकाळी अप्पांनी स्वतः गाडी ठरवली, ट्रंक स्वतः ओसरीत आणून ठेवली आणि जेवायला बसले. अक्कांनी वांग्याचं कोरड्यास वाढलं.

मी घास घेतला. त्यात काहीच नव्हतं. मीठ नाही, चिंच नाही, नुसतं उकडलेलं वांगं. मी चमकून अक्कांकडे पाहिलं. त्या चुलीतलं लाकूड मागेपुढे करण्यात फार गर्क होत्या.

अप्पांनी घास घेतला. थांबले. आणखी एक घेतला. मग त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो साडेचार वर्षांत मी पाहिला नव्हता. "बाई," ते कुजबुजले, आणि शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं, "बगितलं का? तुमी अजून उंबरा वलांडला न्हाई, अन् हिचा हात विसरला! पन तुमी काय काळजी करू नका. म्या हाय की हितं."

ते उठले, फळीवरची बरणी काढली, शेरवानीच्या बाहीने पुसली, दादरा सोडला आणि भांड्यात दोन पळ्या घातल्या. माझ्याकडे बघून त्यांनी तिसरी पळी परत बरणीत टाकली. त्यांच्या पाठीमागे अक्कांनी मिठाचं मडकं हळूच उचललं आणि चुलीच्या पलीकडे, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा कोपऱ्यात ठेवून दिलं.